व्हॉल्व्हमामांची बैठक

"उठा, उठा! तबलजीच्या मांडीवर बसलात!"

बरकतपुऱ्यात भाड्याने राहायला आले, तेव्हा घरमालकांनी माझं असं स्वागत केलं. खोलीत तबलजी नव्हताच. दोन स्पीकर होते, मध्ये घरी जोडलेला काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, आणि गाणं चालू होतं. मी निमूट खुर्ची बदलली. गल्ली त्यांना व्हॉल्व्हमामा म्हणायची.

रेल्वेच्या कचेरीतून आले की मामा आधी व्हॉल्व्ह पेटवत, मग बूट काढत. व्हॉल्व्ह तापून नारिंगी झाल्याशिवाय रेकॉर्ड लावायची नाही. "गवय्याला जरा टेकू तर द्या!" मामींना त्याचं काही नव्हतं, थंडीत विरजणाचं भांडं त्या ॲम्प्लिफायरशेजारी ठेवत. दही झकास लागायचं.

दुकानं परदेशी मालाने भरू लागली, तेव्हा जावयांनी रिमोटवाला चकचकीत सेट आणला. मामांनी डोळे मिटून ऐकलं.

"आवाज साफ आहे. पण सगळे काचीगुडा स्टेशनच्या तिकीट खिडकीवर रेटारेटी करतायत. व्हॉल्व्हवर ऐका, गाणारी पुढे, सारंगी मागे, ज्याची त्याची जागा."

"बाबा, कायकू परेशान होता? द्या ते डबडं भंगारात," जावई म्हणाले.

"नक्को," मामा म्हणाले आणि विषय संपला.

पुढे एका तापात मामांचा डावा कान गेला. एका कानाला कोण कुठे बसलंय ते कळत नाही. मामांची सगळी मैफल उजव्या भिंतीला जाऊन चिकटली. त्यांनी ॲम्प्लिफायरवर टॉवेल टाकला. घर इतकं गप्प झालं की वरच्या मजल्यावर मलाच करमेना.

एका रविवारी सकाळी मी वाटी परत द्यायला खाली गेले, तर मामींनी टॉवेल ओढून काढला होता, रेकॉर्ड लावली होती आणि त्या थेट मामांच्या मधल्या खुर्चीत बसल्या होत्या.

"मी सांगते कोण कुठे आहे. तुम्ही ऐका."

"तुला काय कळणार त्यातलं?"

मामींनी डोळे मिटले. "गाणारी मधोमध. सारंगी कपाटापाशी. आणि पार मागे, खिडकीकडे, एक बाई बांगड्या मागे सारतेय."

"बांगड्या?"

मामांनी सुई पुन्हा मागे ठेवली. मी कान टवकारले. होत्या की! बारीक, दूर. मामांना त्या आजवर कधी ऐकू आल्या नव्हत्या.

"इतकी वर्षं काय काय ऐकत होतीस गं?"

"सगळंच. स्वयंपाकघरातून."

त्यानंतर मामा होते तोवर ती खुर्ची मामींचीच राहिली. मामा खाली सतरंजीवर बसत, चांगला कान स्पीकरकडे नव्हे, मामींकडे करून.