इन्साफच्या कपाटातलं मांडूळ

वहबी तांता शहरातल्या मुलींच्या एका शाळेत एकतीस वर्षं प्रयोगशाळेचा शिपाई होता. तो निवृत्त झाला त्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला एक थर्मामीटर भेट दिला आणि हळूच सांगितलं, "जाता जाता प्रयोगशाळेतलं ते मांडूळ कालव्यात सोडून या. नव्या शिक्षिका घाबरतात." वाळूतला जीव, पाण्यात काय करणार? कालव्याचा पूल आला तसा वहबीने मांडुळाची बरणी छातीशी धरली आणि तो सरळ घरी आला.

त्याच्या बायकोने, इन्साफने, बरणीत डोकावून पाहिलं. "अहो, लोक निवृत्त होताना घड्याळ आणतात."

"विषारी नाही गं. गरीब आहे."

"गरीब आपणही आहोत. आपल्याला कुणी बरणीत घालून फिरवतं का?"

मांडुळाला काय लागतं ते वहबीला पाठ होतं. चारी बाजूंनी बंद जागा, वीतभर कोरडी वाळू, एका टोकाला ऊब, दुसऱ्याला गारवा आणि दाराला कुलूप. दोन खोल्यांच्या घरात अशी जागा एकच, इन्साफच्या लग्नातलं काचेचं कपाट, नीश. त्यात बारा-बारा कपांचे दोन सेट चौतीस वर्षं बसून होते. त्यातून अजून कुणी चहा प्यायलं नव्हतं.

"त्या कपांचा उपयोग काय?" वहबीने भीत भीत विचारलं.

"दिसतात."

"हेही दिसेल की."

तीन दिवस ती ते कप पुसून पुसून पुन्हा मांडत राहिली. चौथ्या दिवशी तिने खालचा कप्पा रिकामा करून दिला. "गुरुवारी महल्ला शहराहून आपल्या लेकीच्या, रावयाच्या, होणाऱ्या सासरचे लग्नाची बोलणी करायला येणार. त्यांनी तोंड वाकडं केलं, तर शुक्रवारी हे कालव्यात."

वहबीने मागच्या फळीला भोकं पाडून जाळी ठोकली. वाळू धुऊन बेकरीच्या भट्टीत भाजून आणली. भट्टीवाल्याने मीठ किती घालू म्हणून विचारलं. डावीकडे दिवा लावला, चटका बसू नये म्हणून त्यालाही जाळी. उजवीकडे फुटक्या कुंडीचा तुकडा, अंग लपवायला, आणि जड ॲशट्रेत पाणी. तासातासाला तो थर्मामीटर दोन्ही टोकांना लावून बघायचा आणि दिवा बोटभर वर-खाली करायचा. मग मांडूळ सोडलं. ते वाळूत शिरलं आणि दिसेनासं झालं.

"यासाठी मी बारा बशा हलवल्या?" इन्साफ म्हणाली. वहबीला मात्र बरं वाटलं. गुरुवारी असंच दडून राहिलं की वाचलं!

गुरुवारी मुलाला घेऊन त्याची हज करून आलेली आई, हाज्जा तफीदा, आली. रावया आणि मुलगा एकमेकांना कधीचेच पसंत होते, त्यामुळे हाज्जाला बघायला नीशच उरला होता.

"वर कप आणि खाली वाळू? सामान कमी पडलं का गं?"

इन्साफचा चेहरा लाल झाला. "कमी? त्यात साप आहे!"

"असेल, असेल." हाज्जाने सरबताचा घोट घेतला. "आमच्या शेजारणीच्या रिकाम्या कपाटात सिंह आहे."

झालं! इन्साफ काचेवर टकटक करू लागली. "ये रे बाळा, अब्रू घालवू नकोस." मुलगा गुडघ्यांवर बसून वाळू न्याहाळू लागला. अर्धा तास गेला, तरी वाळू हलेना. "अहो, काढा ना त्याला!" इन्साफ वहबीवर ओरडली.

काढलं आणि हाज्जाने तोंड वाकडं केलं, तर कालवा. नाही काढलं, तर इन्साफ खोटी पडणार आणि मग कालवाच. वहबीने उबेच्या बाजूला हात घातला. मनगटाला विळखा घालून मांडूळ वर आलं आणि जीभ काढत पाहुण्यांकडे वळलं. सगळे हाज्जाच्या तोंडाकडे बघू लागले.

तोंड सरळच राहिलं. हाज्जाने पेला खाली ठेवला. "रावयाच्या नीशमध्ये हेच द्या. अख्ख्या महल्ल्यात कुणाकडे नाही."

वहबीने मांडुळासकट हात छातीशी ओढला. पण बोलली ती इन्साफ.

"हाज्जा, मुलगी न्या. दोन्ही सेट न्या. हे मिळणार नाही. याची ऊब आमच्या ह्यांच्याशिवाय कुणाला जमत नाही."

हाज्जाने वरच्या कप्प्याकडे नजर टाकली. "कपांना तडा नाही ना?"

"चौतीस वर्षांत कुणी ओठ लावलेला नाही."

"मग फातिहा वाचून सोयरीक पक्की करू या."

सगळे उठले आणि त्यांनी तळवे पसरले. मांडूळ काही मनगट सोडेना. वहबीनेही त्याच्यासकट हात पसरले.