ताईनं मोजलेला पीळ

नागपूरच्या दवाखान्यातून भाऊजींचा फोन आला तेव्हा मी मुर्रीला शेतावर होतो. "शालू गेली," एवढंच ते म्हणाले... मी तिथंच बांधावर बसलो.

शालूताई माझी मोठी बहीण. गोंदियाच्या एका तंत्रनिकेतनात तिनं वर्षानुवर्षं इंजिनं शिकवली, आणि निवृत्तीनंतर फुलचूरच्या घरामागं शेडमध्ये स्वतःची छोटी प्रयोगशाळा मांडली. गेल्या वर्षी कामठ्याच्या एका भातगिरणीत डिझेल इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या धक्क्यांनी फिरणारा मुख्य दांडा, तुटला. नवा बसवला, तोही तुटला. मालकानं दोष ऑपरेटर देवाजीच्या माथी मारून त्याला काढून टाकलं. तो ताईकडे आला. "ताई, मी तेलपाणी बरोबर पाहून राहिलो होतो. मंग तुटते काऊन?"

तेव्हा ताईची केमो सुरू होती. मी म्हटलं, आधी आराम कर. ती म्हणाली, "माझ्या आरामानं त्याची नोकरी वापस येणार आहे का?"

तिनं तशाच शाफ्टचं एक टोक व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं, दुसऱ्या टोकाला आडवा दांडा लावला. त्यावर मी वजनं टांगायचो. शाफ्टला चिकटवलेल्या आरशाचा कवडसा भिंतीवर सरकायचा, त्यावरून शाफ्ट किती पिळतो ते ती मोजायची. माप ती स्वतःच घ्यायची. मग गिरणीत तिसरा शाफ्ट बसल्यावर तिनं तिथं जाऊन चालत्या इंजिनाला सेन्सर लावले आणि त्याचा कंप स्क्रीनवर पाहिला. मालकानं मध्यंतरी शाफ्टवर पट्टा फिरवणारी जड पुली बसवली होती. तिच्यामुळं शाफ्टच्या पिळण्या-सुटण्याचा ताल इंजिनाच्या झटक्यांशी नेमका जुळत होता, आणि कंप वाढत जाऊन शाफ्ट तुटत होता.

"मॅडम, पुली तर एकदम नवी आहे," मालक म्हणाला.

"जुनी लावा. मी बसते इथंच."

ती खुर्ची टाकून बसली. दुपार उलटली, तोंड सुकलं, तरी उठली नाही. जुनी पुली लागली, इंजिन पुन्हा सुरू झालं आणि स्क्रीनवरची उसळती रेघ खाली बसली. मालक म्हणाला, "उद्यापासून येऊ द्या देवाजीले." तो तिसरा शाफ्ट अजून चालतो आहे.

परवा भाऊजी म्हणाले, शेड रिकामी करू. मी नाही म्हणालो. कोपऱ्यात कुण्या ट्रॅक्टरवाल्याचा शाफ्ट पडलाय. त्यावर ताईनं खडूनं लिहिलंय, 'नागपूरहून आल्यावर.' मापांच्या हिशेबाला तंत्रनिकेतनातले तिचे जुने सहकारी रविवारी येणार आहेत... वजनं टांगायला मी आहेच.