पिवळा थेंब

बाबांचं गोविंदपुऱ्यातलं वर्कशॉप बंद पडलं तेव्हा मी दहावीत होते. लेथवर हात बसलेला माणूस, शहराबाहेर मंडीदीपच्या कारखान्यांत कंत्राटावर जाऊ लागला. आज काम, उद्या नाही. आई टी. टी. नगरातल्या सरकारी क्वार्टरांत पोळ्या लाटायला जायची. आमच्यात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं, आणि पीएचडीच्या लॅबपर्यंत पोचले.

तिथे माझ्या शेजारी एका प्रोफेसरांची मुलगी. त्या हिंदी मुलखात तीही माझ्यासारखी मराठीच. तिचे वडील आमच्या सरांचे जुने दोस्त. मी डिक्शनरीत शोधलेले शब्द तिने जेवताना घरीच ऐकलेले. मला तिचा राग नव्हता, हेवा होता. राग निवतो तरी.

काम दोघींचं एकच. प्लेटच्या बारीक खळग्यांत एन्झाइम, आणि एन्झाइमने तोडलं की निळं चमकणारं द्रव्य. खळग्याखळग्यात वेगळं रसायन टाकायचं. चमक मंदावली, की त्या रसायनाने एन्झाइमला अडवलं असं धरायचं. पुढच्या तपासणीला एकच रसायन जाणार होतं, आणि ते जिचं, तिचं नाव शोधनिबंधावर पहिलं.

माझ्या दोन रसायनांनी चमक निम्म्यावर आणली होती. तिचा खळगा जवळजवळ काळाच आला. सरांनी समोसे मागवले. माझा मी तसाच ठेवला. मी तिची बाटली उजेडात धरली. आत हळदीसारखं पिवळंधमक! पिवळा रंग निळा उजेड पिऊन टाकतो. एन्झाइमला हातही न लावता चमक घटणार.

"तयार चमकत्या द्रव्यात टाकून बघ हे. एन्झाइमशिवाय."

"जळतेस ना माझ्यावर?"

"जळते. तरी टाकून बघ."

सर हसले. "लगा लो भई, प्लेट का क्या जाता है!"

चमक तिथेही विझली. मला आनंद झाला आणि तो मी लपवला नाही.

"आता तुमची दोन्ही आणा, बाईसाहेब," म्हणत तीच पिपेट घेऊन बसली. माझं पहिलंही तसंच फसवं निघालं. दुसरं टाकलं, चमक जागची हलली नाही. तिने पुन्हा लावलं. पुन्हा तेच. म्हणजे ते खरोखर एन्झाइमलाच अडवत होतं.

ती आता परदेशात आहे. तिच्या लॅबचे फोटो दिसले की अजून टोचतं. पण त्या शोधनिबंधावर पहिलं नाव माझं आहे. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि पहिली पीएचडीही माझीच.