बोटीच्या पाठीवरचं गाव

“मग आपलं कर्जत लिही!”

“आई, कर्जतला समुद्र न्हाई!”

“जिथं समुद्र हाय तिथं तू काय दिवे लावलेस?”

हे भांडण चाललं होतं ऑस्ट्रेलियात, डार्विनच्या बंदरात, माझ्या लेकाच्या शिडाच्या बोटीवर. सुधीरनं सुप्याच्या कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी सोडली, परदेशी जाऊन जुनी बोट घेतली आणि तीन वर्षं एकटा पाण्यावर राहतोय. मी त्याला घरी न्यायला गेले होते. बालीपर्यंत विमानानं, पुढं सात महिने त्याच्याच बोटीवर.

घरात भांडलं की पाय आपटत अंगणात तरी जाता येतं. बोटीवर जायला जागाच नाही! म्हणून बोटीवरचे किस्से तिथंच साचत जातात. हसण्यासारखे आहेत, तुम्ही हसा. मला आता फारसं हसू येत नाही.

*

परक्या देशात बोट शिरली की पिवळं निशाण चढवायचं. अधिकारी येऊन तपासून जाईपर्यंत कुणी जमिनीवर पाय ठेवायचा नाही. शिवाय पाण्यात बुडी मारणारा माणूस येऊन बोटीच्या पोटाला शिंपले चिकटलेत का ते बघणार! समोर झाडं, रस्ता, माणसं, आणि आम्ही तीन दिवस पाण्यातच.

माझ्या आजेसासऱ्यांना गावच्या वेशीबाहेर उभं करायचे. मी म्हणाले, “वेशीच्या आत यायला आपल्या दोन पिढ्या झिजल्या रं. आणि तू हौसेनं बाहेर बसतूस!”

“इथं सगळ्यांनाच बसवत्यात, आई.”

“तेवढंच बरं हाय!”

*

अधिकारी आला. कागदावर सुधीरच्या नावापुढं ‘कॅप्टन’, माझ्या नावापुढं ‘खलाशी’! मी शाळेची पायरी चढले नाही. सुधीरच्या पाटीवरून अक्षरं शिकले, मग त्याच्या पुस्तकांवरून इंग्रजी. म्हणून वाचता आलं.

“खलाशी कोण रं?”

“कागदापुरतं, आई.”

“कागदावर तरी खरं लिही!”

अधिकाऱ्यानं विचारलं, काय म्हणतायत? सुधीर इंग्रजीत म्हणाला, “खरी कॅप्टन तीच, असं म्हणतेय.” त्या भल्या माणसानं मला सलाम ठोकला!

*

त्याच भल्या माणसानं माझे दोन किलो हुलगे जप्त केले. बियाणं आहे, इथं रुजलं तर?

“आमच्याकडं पेरून रुजत न्हाई,” मी म्हणाले, “आनि तुमच्यात पिशवीत रुजंल व्हय?”

तो ऐकेना. मग मी त्याच्यासमोर मूठभर हुलगे कच्चेच चावून खाल्ले. न्या आता!

दोन दिवस पोट धरून पडले होते.

*

शेवटी मरीनात जागा मिळाली. मरीना म्हणजे बोटींचा स्टँड. प्रत्येक बोटीला स्वतंत्र नळ! शेजारचा गोरा म्हातारा रोज पाईप सोडून बोट धुवायचा. गोड्या पाण्यानं! खारट पाण्यात उभी असलेली बोट!

आमच्याकडं टँकरमागं हंडे घेऊन पळता पळता माझे गुडघे गेले. मी उठायचे, त्याचा नळ बंद करायचे. तो सोडायचा, मी बंद करायचे. ऑफिसातून सुधीरला बोलावणं आलं: तुमच्या आईला आवरा.

“तिला तिच्या गावात कुनी आवरू शकलं न्हाई,” सुधीर म्हणाला, “हितं मी काय आवरनार!”

तोवरच्या सात महिन्यांत एवढं एकच वाक्य तो गावाबद्दल बोलला.

*

तर ते भांडण. दुसऱ्या दिवशी माझं विमान होतं आणि सुधीर एकटाच आफ्रिकेकडं निघणार होता. घरी चल म्हणून माझं जेवढं म्हणता येईल तेवढं म्हणून झालं होतं. तो बोटीच्या पाठीवरची पुसट अक्षरं रंगवत होता. तिथं बोटीच्या गावाचं नाव लिहितात. मी वाचलं, कुठल्याशा बेटाचं नाव.

“हितं कवा गेलावतास?”

“कवाच न्हाई. तिथं नोंदणी सोपी असती.”

तिथून पेटलं. कर्जत लिही म्हणाले, समुद्र न्हाई म्हणाला. दिवे काढले, बाप काढला, सगळं काढलं. शेवटी तो ब्रश बुडवत म्हणाला, “कुठलं का गाव असंना, काय फरक पडतो?”

“फरक पडतो रं. उद्या तुला पान्यात काय झालं, तर मी कुठल्या गावाला जाऊन रडू?”