सुई उचलायला कोणी नव्हतं

मंडळी, आज दुपारी बाबांच्या जुन्या रेकॉर्डमधलं गाणं मोबाईलवरून स्पीकरला लावलं. म्हटलं, "बघा बाबा, जरासुद्धा खरखर नाही!"

"बंद कर," ते म्हणाले, आणि त्या दिवसांबद्दल पहिल्यांदाच बोलले.

मिलच्या संपात घरात दाणा नव्हता, म्हणून ते चोरून कामाला जायचे. ते घरीच आहेत असं चाळीला वाटावं म्हणून आई मोठ्याने रेकॉर्ड लावायची. एकदा ती नळावर गेली आणि रेकॉर्ड अडकली. तीच ओळ पुन्हा पुन्हा. सुई उचलायला कोणी उठेना, तेव्हा बाबा घरात नाहीत हे चाळीला कळलं. संध्याकाळी जिन्याखाली संपावरची माणसं त्यांची वाट बघत उभी होती. बाबा तेव्हापासून लंगडतात. आम्हाला मात्र मशीनचा अपघात सांगितला होता.

मी गाणं बंद केलं. भिंतीपलीकडे शेजारच्या तात्यांकडे मात्र गाणं चालूच होतं. तात्या एकटेच राहतात.

"कालपासून वाजतंय," बाबा हळूच म्हणाले. "हे अडकत नाही रे, म्हणून कळत नाही."

आम्ही दार ठोठावलं. आत गाण्यामागून गाणं लागत होतं. शेवटी दार तोडलं. पुढचं आज लिहवत नाही.

तुमच्या शेजारी आत्ता गाणं वाजतंय? लावणारा ऐकतोय ना, एकदा बघून याल का?