मिश्रीचा वास

शेजारी कुणी तव्यावर तंबाखू भाजली, की घशात बसणारा तो वास मला अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेतो.

दुष्काळाचं साल होतं. ऊसतोडीवरून आलेली मी, मांडीवर वरचा ओठ फाटलेलं लेकरू. सासूबाई डॉक्टरीणबाईंना सांगत होत्या, "पोटुशी असताना ग्रहणात कोयता धरला हिनं. लई सांगितलं, ऐकलं न्हाई."

बाईंनी मलाच विचारलं, "मिश्री लावायचीस का गं? तंबाखूनंही असं होऊ शकतं."

मी सासूबाईंकडे पाहिलं. फडावर भाकर पुरायची नाही, तेव्हा "लाव, भूक मरती," म्हणत त्याच मिश्री भाजून द्यायच्या. त्यांनी काळं पडलेलं बोट हळूच पदरात लपवलं.

तेव्हा मनात म्हटलं, बरी जिरली. आता आठवतं, आपली अर्धी भाकर माझ्याकडं सारून त्या स्वतः मिश्रीवर दिवस काढायच्या.