पानामागचा निऑन

शोभेच्या माशांच्या दुकानात एक नवं जोडपं एंजल माशासाठी अडून बसलं होतं. "निऑनसारख्या इवल्या माशांसोबत नका ठेवू," दुकानदार म्हणाला. "मोठा झाला की गिळेल त्यांना." मग त्याने पाणी, स्वभाव, तोंडाचा आकार असं सगळं जुळवून त्यांना दुसरे मासे दिले. आमच्या लग्नात पत्रिकेपलीकडे कुणी काही पाहिलं नव्हतं, तरी बत्तीस वर्षं निभलं. ही जाऊन आता वर्ष होईल.

मी नुसता खाद्याचा डबा घ्यायला गेलो होतो. हिच्या टाकीत आता एकच निऑन उरलाय, असं सहज बोललो. "पण शांत आहे हो. दिवसभर पानामागे असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"शांत नाही तो, काका. घाबरलाय. थव्यातला मासा एकटा पडला की लपतो. रंगही उतरला असेल त्याचा."

उतरला होता. मला वाटलं, वय झालं.

पाच निऑन घेऊन घरी आलो. दोन्हीकडच्या पाण्याचं तापमान सारखं व्हावं म्हणून पिशवी गाठ न सोडता टाकीत तरंगत ठेवली. पानामागचा तो बाहेर आला आणि पिशवीला तोंड लावून थांबला. बघून काहीतरी वाटायला हवं होतं. मी नुसता बघत होतो.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बाबा, या ना आमच्याकडे राहायला. कसे आहात तिथे एकटे?"

"काही नाही गं," मी म्हणालो. "शांत आहे सगळं."